चाळीस फुटांवरून गेलेलं विमान

केशोराव टेंभरे मास्तर खोटं बोलत नसत. यात त्यांचा काही मोठेपणा होता असं नाही, त्यांना ते जमतच नसे. रस्त्यात कोणी "का मास्तर, बरं हाय ना?" असं विचारलं, तर इतर माणसं "बरं हाय" म्हणून पुढं सरकतात. मास्तर थांबत, विचार करत आणि "डाव्या गुडघ्यात सोमवारपासून दुखून राहिलं, बाकी बरं," असं सांगत. त्यामुळे कवडीटोल्यातल्या लोकांनी त्यांची खुशाली विचारणं हळूहळू सोडून दिलं होतं. तीस वर्षं त्यांनी चौथीला गणित शिकवलं, आणि उत्तरात 'सुमारे' हा शब्द लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला अंगठे धरून उभं केलं. असल्या माणसाला गोंदियाच्या बाजारात लोकांनी फेकाड्या ठरवावं, हा प्रकार एका विमानामुळे घडला.

साल चव्वेचाळीस. लढाई तिकडं ब्रह्मदेशात चालली होती, पण तिचा सराव कवडीटोल्यावर चालला होता. गावाच्या पलीकडं, धानाच्या बांध्या संपतात तिथं सरकारनं माळ सपाट करून विमानांचा तळ केला होता. तिथून विमानं उठत आणि गावावरून जात. कधी जात याला मात्र काही धरबंध नव्हता. सकाळी चार येत, नंतर आठ दिवस एकही नाही. कधी तलावाच्या अंगानं येत, कधी मारुतीच्या मागून. गावानं यामागचा नियम शोधायचे पुष्कळ प्रयत्न केले. मास्तरांचे शेजारी सुकराम म्हणजे गावातले सर्वांत रिकामे आणि म्हणून सर्वांत जाणते गृहस्थ. त्यांच्या मते अंगणात मोहाची फुलं वाळू घातली की विमान येतं. त्यांच्या बायकोच्या मते सुकराम आंघोळीला बसले की येतं. दोन्ही गोष्टी इतक्या क्वचित घडत की पडताळा घेणं अवघड होतं.

माघातल्या एका रविवारी दहाच्या सुमारास (मास्तरांच्या हिशेबानं दहा वाजून सात मिनिटांनी) मास्तर अंगणातल्या चिंचेखाली दाढी करत बसले होते. अर्धा गाल झाला होता. घरावरचे कवेलू, म्हणजे कौलं, त्यांनी चारच दिवसांपूर्वी फेरून घेतले होते, कारण मुलीचं, धनवंताचं लग्न याच वर्षी उरकायचं होतं. एवढ्यात तलावाच्या बाजूनं आवाज आला, वाढला, आणि मास्तरांनी वर पाहिलं तर चिंचेच्या शेंड्यावरून विमान जात होतं. धुरळा खाली बसला तेव्हा सत्तावीस कवेलू फुटून अंगणात पडले होते आणि मास्तरांच्या साबणात चिंचेचा पाला होता.

आता ती चिंच होती पस्तीस फुटांची. यात वाद नव्हता. दरवर्षी चौथीचा वर्ग तिची सावली मोजून उंची काढत असे आणि दरवर्षी मास्तर उत्तर तपासत असत. विमान तिच्या वरून पाच फुटांनी गेलं. पस्तीस आणि पाच, चाळीस. इतकं साधं गणित मास्तरांनी पुढच्या बाजारी गोंदियात चार माणसांत सांगितलं, तर लोक हसायला लागले. मास्तरांना हसण्याचं कारण कळेना. म्हणून त्यांनी खात्री पटावी या हेतूनं आणखी एक खरी गोष्ट सांगितली.

"अना चालवणाऱ्याले मिशी नोती," ते म्हणाले.

या मिशीनं त्यांचा घात केला. चाळीस फूट लोकांनी एखाद्या वेळेस पचवलेही असते, पण न उगवलेली मिशी कोणालाच गिळेना. गावातलं कोणी साक्षीला घ्यावं, तर तेही नाही. कवडीटोल्याची पद्धतच अशी पडली होती की विमानाचा आवाज आला की असेल तिथं पालथं पडायचं आणि डोळे मिटायचे. त्यामुळे सगळ्या गावानं विमान ऐकलं होतं, पाहिलं एकट्या मास्तरांनी.

इथवर नुसती थट्टा होती. मास्तर घरी येऊन जेवले नाहीत, एवढंच तिचं नुकसान. पण पंधरा दिवसांनी सुकराम सालेकशाकडून परत आले आणि थेट मास्तरांच्या ओसरीवर येऊन बसले. धनवंताच्या सोयरिकीची बोलणी तेच करत होते. मुलगा सालेकशाकडच्या जंगलपट्टीतल्या लक्ष्मीचंद बिसेनांचा. घर पोवार समाजातलं नावाजलेलं, धानाची शेती, मुलगा शिकलेला, आणि धनवंतालाही तो मनातून आवडला होता. नारळ द्यायचा तेवढा राहिला होता.

"बोला," मास्तर म्हणाले.

"का बोलू गुरुजी," सुकराम पाणी पिऊन म्हणाले. "लक्ष्मीचंदजी म्हणून राहिले का पोरगी चांगली, घर चांगलं, पण बाप फेकते म्हणतात. मुनग्याच्या झाडाएवढ्या उंचीवरून जहाज गेलं म्हणते, मिशी मोजते म्हणते. मंग पोरीच्या वयाचं, शिक्षणाचं, रांधण्याचं जे सांगतलं, ते तरी खरं कायचं?"

"मुनगा मी म्हणलोच नाही! चिंच म्हणलो! मुनगा म्हणजे शेवगा, तो वीस फूट असते!"

"ते जाऊ द्या. होळीपर्यंत वाट पाहतो म्हणाले. तोवर तुमी आपलं बोलणं खरं करून दाखवा, नाही त ते दुसरीकडे पोरगी पाहतीन."

आतून अनुसयाबाई, मास्तरांच्या पत्नी, पदर खोचूनच बाहेर आल्या. "शंभर फूट म्हणून टाकले असते त का तुमच्या जिभेले काटा रुतत होता जी?"

"शंभर नोतं पण!"

"आन ते मिशी? ते त पाहाचीच नोती! मानसानं जहाज आलं का खाली पाहावं!"

बायकोनं सगळ्या हवाई दलाचा दोष आपल्या डोळ्यांवर टाकावा, याचं त्यांना फार वाईट वाटलं. पण दारामागं धनवंता उभी होती आणि सगळं ऐकत होती. ते त्यांना जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून रजा घेतली. फोटो काढायचा, त्यांनी ठरवलं. घर, चिंच आणि वर विमान, असा एक फोटो मिळाला की जगातल्या कोणत्याही शहाण्या माणसानं पट्टी लावून उंची मोजावी.

फोटोला परवानगी लागते हे त्यांना वर्तमानपत्रावरून ठाऊक होतं. दुसरा कोणी असता तर विसरला असता. मास्तर रीतसर अर्ज घेऊन कचेरीत गेले. कोणत्या कचेरीत ते सांगून कोणाचं नाव खराब करायला नको, आणि तिथल्या बड्या बाबूंचं तर नकोच, कारण ते वागायला अत्यंत सभ्य होते.

"विमानाचा फोटो?" बडे बाबू म्हणाले. "हरकत नाही. मात्र अर्जात तारीख आणि वेळ लिहिली नाही."

"विमान कधी येईल हे मला कसं माहीत असणार?"

"मग तळावर विचारा."

मास्तर तळावर गेले. फाटकावरच्या शिपायानं विमानांची वेळ हे लढाईचं गुपित असल्याचं सांगितलं आणि मास्तरांचं नावगाव लिहून घेतलं. मास्तर कचेरीत परत आले.

"वेळ नसेल तर अर्ज अपुरा," बडे बाबू म्हणाले. "आणि वेळ लिहिलीत, तर लढाईचं गुपित तुम्हाला कुठून कळलं याची चौकशी लागेल. तुमच्या भल्यासाठी सांगतो, लिहू नका."

"मग मी करू काय?"

बाबूंनी एक जाड पुस्तक काढलं, चष्मा पुसला, आणि एका कलमावर बोट ठेवलं. "हे पाहा. वस्तीवरून जाताना विमान हजार फुटांच्या खाली उतरत नाही. नियम आहे. तुम्ही म्हणता ते विमान चाळीस फुटांवर आहे. म्हणजे ते विमानच नाही. जे नाही त्याचा फोटो काढायला परवानगी मी कशी देऊ?"

मास्तरांनी आयुष्यात पुष्कळ चुकीची उत्तरं तपासली होती, पण प्रत्येक पायरी बरोबर असून शेवट इतका चुकलेलं उदाहरण त्यांनी पाहिलं नव्हतं. ते घरी आले तर ओसरीवर एक पोलीस बसला होता. विमानांची वेळ काऊन विचारली, हे विचारायला तो आला होता. तो चार दिवस रोज आला, चहा पिऊन चिंचेखाली बसला, आणि मास्तरांवर नजर ठेवली. त्या चार दिवसांत एकही विमान फिरकलं नाही. पाचव्या दिवशी त्यानं मास्तर निरुपद्रवी असल्याचं ठरवलं आणि तो गेला. तो वेशीबाहेर दिसेनासा झाला आणि विमान आलं.

रस्ता काढला तो सुकरामांनी. "परवानगी कायले लागते? जहाजाच्या फोटोले ना? आपून घराचा फोटो काढून राहिलो. घर आपलं, आंगण आपलं. मधात जहाज आलं, त आपला का दोष?"

मास्तरांना हा युक्तिवाद पटला नाही. पण होळीला दहा दिवस उरले होते.

फोटोवाले डोमनलाल गोंदियाचे. त्यांच्या दुकानात मागं रंगवलेला राजवाडा होता आणि पुढं एक खुर्ची. तीस वर्षांत त्यांनी त्या खुर्चीच्या बाहेरचा फोटो काढला नव्हता. ते आले ते लाकडी कॅमेरा, तिकटी, काळं फडकं आणि फक्त चार काचा घेऊन. एका काचेवर एकच फोटो उठे, आणि लढाईमुळे काचा मिळत नव्हत्या. "गुरुजी, चार माने चार," त्यांनी बजावलं. "पाँचवी लंदन से आएगी, लढाई संपल्यावर." कॅमेरा त्यांनी अंगणाच्या टोकाला असा रोवला की घर, कवेलू आणि चिंचेचा शेंडा सगळं त्यात मावावं.

पहिल्या दिवशी सकाळपासून सगळे आभाळाकडं पाहत बसले. बारा वाजेपर्यंत माना धरल्या. अनुसयाबाईंनी "जेवून घ्या" म्हटलं. डोमनलालांनी वरणात भात कालवला आणि विमान आलं. ते वरणाच्या हातानं धावले, कॅमेऱ्याचा रबरी फुगा दाबला आणि विजयानं मागं वळले. भिंगावरचं टोपण मास्तरांनी काढून त्यांच्या हातात दिलं. तोवर ते भिंगावरच होतं. काच कोरी आली.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव सल्ला द्यायला हजर होतं. कोणी म्हणालं लाल लुगडं वाळत घाला, विमानवाले पाहायला खाली येतात. कोणी म्हणालं चुलीचा धूर करा. सुकरामांच्या आग्रहावरून अंगणात मोह वाळू घातला, पण तो पाहायला विमान आलं नाही, शेळ्या आल्या. त्या हाकलण्याच्या गडबडीत विमान मारुतीच्या मागून, म्हणजे नेमकं उलट्या बाजूनं आलं. गाव पालथं पडलं. डोमनलालांनी कॅमेरा तिकटीसकट गर्रकन फिरवला आणि दाबला. तेवढ्यात सुकरामांची म्हैस दावं तोडून मधून पळाली. काच धुतल्यावर म्हशीची मागली बाजू अतिशय स्वच्छ आली होती. सुकरामांनी ती काच मागून घेतली.

तिसऱ्या दिवशी काहीच आलं नाही. संध्याकाळ होत आली तेव्हा डोमनलाल एकदम ओरडले, झेपावले आणि दाबून मोकळे झाले.

"ती घार होती," मास्तर म्हणाले.

"मालूम है," डोमनलाल घाम पुसत म्हणाले. "दबवल्यावर मालूम झालं. गुरुजी, मी खुर्चीतल्या मानसाचा फोटोवाला. तीन दिवस झाले, मले झोपेत बी आसमान दिसून राहिलं."

एक काच उरली. होळी परवावर आली. मास्तरांच्या संतापाला आता कोणी एक मालक उरला नव्हता. विमानावर चिडावं तर ते जागेवर नाही, बड्या बाबूंवर चिडावं तर ते सभ्य, बायकोवर चिडावं तर ती आधीच चिडलेली. आणि चौथ्या दिवशी सकाळी लक्ष्मीचंद बिसेन स्वतः छकड्यात बसून आले.

लक्ष्मीचंद म्हणजे दिसायलाच भारदस्त. डोक्याला गुलाबी फेटा, त्याला मागं लोंबणारी हातभर शेव, आणि मिशा अशा की विमानवाल्यानं त्या वरूनही मोजल्या असत्या. "आपल्या डोऱ्यानं पाहावं म्हणून आलो," ते म्हणाले. "आमच्या जंगलाकडे जहाज येत नाही. तुमचं जहाज दाखवा." त्यांच्यासाठी अंगणात बाज टाकली. त्यांनी दुपारपर्यंत आभाळ पाहिलं. आभाळ निळं होतं, स्वच्छ होतं, आणि रिकामं होतं. धनवंतानं दोनदा पाणी आणून दिलं. दोन्ही वेळा जाताना तिनं वर पाहिलं, ते मास्तरांना दिसलं.

"तुमचं जहाज आज रजेवर हाय वाटते मास्तर," चारच्या सुमारास लक्ष्मीचंद उठत म्हणाले. "चला, निंगतो मी." मग त्यांचं लक्ष कॅमेऱ्याकडं गेलं. ते घुटमळले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "इतक्या दूर आलोच हावो, त एक फोटो तरी काढा जी. माह्या उभ्या जन्मात फोटो नाही निंगाला."

मास्तरांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं. शेवटची काच. पण पाहुण्याला, त्यातून मुलीच्या होणाऱ्या सासऱ्याला, नाही कसं म्हणायचं? डोमनलालांना मात्र आनंद झाला. हलत नसलेलं काहीतरी त्यांच्यासमोर चार दिवसांनी बसत होतं. त्यांनी भराभर खुर्च्या मांडल्या. मध्यभागी लक्ष्मीचंद, शेजारी मास्तर, मागं सुकराम आणि गावातली आणखी दहाबारा माणसं. बायका दाराआड, फोटोच्या बाहेर.

"हिलना नहीं," डोमनलालांनी बजावलं. "मी 'हो गया' म्हणेपर्यंत कोनी मान हलवायची नाही, पापनी हलवायची नाही. एकच काच हाय. जो हलला, त्यानं सगळ्यांचा फोटो बिघडवला."

हे सांगायची गरज नव्हती. मागं उभे असलेले ते सगळे दहाबारा जण चौथीत मास्तरांच्या हाताखालून गेले होते. मास्तरांनी नुसता घसा खाकरला आणि सगळे ताठ झाले. फोटो म्हणजे जन्मात एकदा होणारी गोष्ट. तिथं श्वास घेणंही उधळपट्टी वाटत होती.

आणि आवाज आला.

तलावाच्या अंगानं, घराच्या मागून. मास्तरांनी तो सर्वांत आधी ओळखला. एरवी गाव पालथं पडलं असतं, पण आज फोटो होता. कोणी हललं नाही. आवाज वाढला. मास्तरांची मान आपोआप वर जायला निघाली, तोच शेजारून लक्ष्मीचंद ओठ न हलवता फुसफुसले, "हलू नोका मास्तर! फोटो बिघडेन!" होणाऱ्या व्याह्यानं घातलेली ही पहिली आज्ञा. मास्तरांनी मान आवळून धरली. अंगणावरून सावली गेली, धूळ उठली, फेट्याची शेव उडून लक्ष्मीचंदांच्या नाकावर आदळली. लक्ष्मीचंद ढिम्म हलले नाहीत. समोर डोमनलालांचा जबडा तेवढा खाली आला होता. त्यांच्या हातातला फुगा दाबला गेला, आणि ते मटकन खाली बसले.

ते बसले, म्हणून 'हो गया' म्हणायचे राहिले. ते म्हणाले नाहीत, म्हणून कोणी हललं नाही. विमान दूर गेलं, आवाज विरला, ओसरीवर कवेलू फुटल्याचा आवाज झाला, तरी अख्खं गाव कॅमेऱ्याकडं बघत बसलं होतं. बऱ्याच वेळानं डोमनलाल पुटपुटले, "हो गया."

मास्तर उसळून उठले. "पाह्यलं ना? पाह्यलं ना लक्ष्मीचंदजी?"

"काय पाह्यलं?" लक्ष्मीचंदांनी नाकावरची शेव बाजूला केली. "आवाज त मोठा झाला जी. पण मी वर पाह्यलोच नाही. हलू नका म्हणले होते ना."

"हे कवेलू पाहा! आत्ता पडले!"

"माकडं असतीन. आमच्याकडे बी लय तरास हाय." मग त्यांनी गंभीरपणे मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "न पाह्यलेली गोष्ट मी पाह्यली म्हणू, असं त नाही ना म्हणत तुमी? तुमीच पोराईले शिकवता."

मास्तर खरोखर तेच शिकवत असत. त्यांनी खाली बसून घेतलं.

पण फोटो होता! डोमनलाल आतल्या कोठीत दार लावून बसले, आणि होळीच्या आदल्या दिवशी सकाळी ओला कागद दोन बोटांत धरून बाहेर आले. लक्ष्मीचंद त्यासाठी मुक्काम करून राहिले होते. सगळे भोवती जमले.

विमान आलं होतं. केवढं, आणि किती खाली! कवेलूच्या वर, चिंचेच्या शेंड्याला लागून, चाकं खाली सोडलेली, नाक पुढं. पट्टी लावायचीही गरज नव्हती. चाळीस फूट. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर त्यांनी ज्याच्यासाठी हसू झेललं, ते तिथं काळ्या-पांढऱ्यात उभं होतं.

लक्ष्मीचंदांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. "वा," ते म्हणाले. "मिशी का झाक आली हाय! फेटा पाहा. मास्तर, हा माणूस कलाकार हाय." मग त्यांचं बोट वर सरकलं. "पण हे डोक्यावर का चिटकवलं जी?"

"विमान आहे ते!"

लक्ष्मीचंद हसले. समजूतदारपणे हसले. "मास्तर, आमी जंगलातले असलो तरी इतके भोळे नाही. मंडईच्या जत्रेत फोटोवाले येतात, कागदाच्या मोटारीत बसवून फोटो काढतात, चंद्रावर बसवतात. हे बी तसंच. आता तुमीच सांगा, डोक्यावरून इतकं जहाज गेलं असतं, त मानसं अशी बसली असती का?"

मास्तरांनी फोटो पाहिला. खरंच. वर विमान अंगावर येत होतं आणि खाली पंधरा माणसं हाताची घडी घालून, पूजेला बसावं तशी शांत बसली होती. एकाचीही नजर वर नव्हती. खुद्द मास्तरांचीही नाही. हा फोटो दुसऱ्या कोणी दाखवला असता, तर त्यांनीच त्याला अंगठे धरायला लावले असते.

"डोमनलाल, तुम्ही सांगा ना!"

डोमनलालांना परवानगीची सगळी हकीकत कालच सुकरामांकडून कळली होती. ते विमानाकडं न पाहता म्हणाले, "मैंने घर का फोटो लिया था, गुरुजी. बाकी मले काही मालूम नाही."

"असू द्या, मी राग नाही धरत," लक्ष्मीचंद मोठ्या मनानं म्हणाले. "तुमी गमतीचे मानूस, मास्तर. बोलता जरा फुगवून, पण माहा फोटो असा काढवून देल्ला का माह्या सात पिढ्या पाहतीन. सोयरीक पक्की. नारळ आना. एक करा फक्त, हे वरचं जहाज कापून काढा, फेट्याच्या वर बरं नाही दिसत. अना काचेवर बी त्याच्यावर रंग लावून टाका. लग्नात वाटाले मले पंधरा फोटो पाहिजेत. हा पयला मी आत्ताच नेतो."

डोमनलालांनी इतक्या तत्परतेनं कधी कोणतं काम केलं नसेल. काचेवरच्या विमानावर त्यांनी तिथंच लाल रंग फासला, म्हणजे पुढच्या कोणत्याच फोटोत ते उठू नये, आणि खिशातून कातरी काढून कागदाला लावली. मग थांबले. "काटू का, गुरुजी?"

मास्तरांनी कागदाकडं पाहिलं. सोयरीक पक्की होती, पण ती फेकाड्याच्या पोरीशी पक्की होती. 'गमतीचा माणूस' हा शब्द त्यांना टोचत होता. काटू नका, असं एकदा म्हटलं की झालं. खरं तेवढं राहील. पोरगी तशीच राहील.

दारातून धनवंता पुढं आली. पाहुण्यासमोर ती कधी बोलत नसे. ती बापाजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मी काल दारातून पाह्यली होती. चाळीसच होते."

मास्तरांनी तिच्याकडं पाहिलं. महिनाभरात त्यांना कोणीतरी खरं मानलं होतं, आणि नेमकं तिच्यासाठीच ते पुसायचं होतं.

"काटा," ते म्हणाले.

नारळ फुटला, गूळ वाटला, छकडा वेशीबाहेर गेला. मास्तरांनी डोमनलालांकडून कापलेली पट्टी मागून घेतली. रात्री नाही, भर दुपारी, सगळे निजले असताना ते ती ओसरीवर घेऊन बसले. पट्टीत विमान होतं, अगदी स्पष्ट. पण कातरी चिंचेच्या शेंड्याच्या वरून गेली होती. खाली ना कवेलू, ना चिंच, ना माणसं. नुसतं आभाळ आणि त्यात विमान. ते चाळीस फुटांवर आहे की हजार, हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. मास्तरांनी पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. त्यांनाही सांगता आलं नाही.

वैशाखात लग्न लागलं. पंगतीत वरपक्षाकडच्या एका माणसानं वाढायला वाकलेल्या मास्तरांना डोळा मारून विचारलं, "का जी गुरुजी, तुमच्या गावावरून जहाज जाते म्हणतात. किती उंचावरून जाते?"

मास्तरांनी हातातलं भांडं सावरलं. मांडवाच्या टोकाला धनवंता हळदीच्या लुगड्यात बसली होती आणि इकडंच पाहत होती.

"सुमारे बरंच," ते म्हणाले, आणि पुढच्या पानावर वरण वाढलं.